पुस्तकं वाचून होतात, टीम आहे तशीच राहते. टेक मॅनेजरने वाचायचं तरी कसं?

हिंजवडी_फेज३

नऊ जणांची टीम आहे, सात डेव्हलपर आणि दोन टेस्टर. दिवसाला ३०-३५ मिनिटं वाचायला मिळतात, तीही कॅबमध्ये. मॅनेजमेंटची चार-पाच पुस्तकं संपवली, किंडलवर पिवळ्या रेघांचा सडा पडलाय, पण सोमवारी जागेवर बसलं की त्यातलं काहीही हाताशी येत नाही. अडचणी तीन आहेत.

एक, वन-ऑन-वनचं (एकेकाशी समोरासमोरच्या बैठकीचं) दुसरं स्टँडअप, म्हणजे कोण काय करतंय ते सांगायची रोजची छोटी बैठक, झालंय. "काय चाललंय?" "ते तिकीट उद्यापर्यंत होईल." संपलं. दोन, रिलीज लांबली की वरून ठरलेलं उत्तर येतं, "दोन रिसोर्स देतो, तारीख हलवू नका." तीन, काम सोपवतो आणि शेवटच्या आठवड्यात घाबरून परत स्वतःकडे ओढून घेतो.

"मॅनेजरने वाचावीत अशी दहा पुस्तकं" छाप यादी नको, ती कुठेही मिळते. वाचलेलं कामात उतरवायचं कसं ते सांगा. टीमला बरोबर घेऊन वाचावं का, तेही.

---

जुनाट_कोड

अडचणी इतक्या नेमक्या मांडता येतात म्हणजे निम्मं काम झालंय. आता पुस्तक बाजूला ठेवा आणि यातली एक अडचण उचला. एकच. तीनही एकदम सुधारायला गेलात तर महिन्याभरात टीम म्हणायला लागेल, "साहेबांनी नवीन पुस्तक वाचलेलं दिसतंय." एकदा ही कुजबुज सुरू झाली की तुमचा पुढचा चांगला बदलही लोक मान खाली घालून निघून जाऊ देतात.

वन-ऑन-वनपासून सुरुवात करा, कारण तिथे वरच्या कुणाची परवानगी लागत नाही. इंटेलच्या अँडी ग्रोव्हचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' १९८३ चं आहे, पण या एका विषयावर अजूनही त्याच्याइतकं कामाचं फारसं सापडत नाही. अख्खं वाचू नका. अनुक्रमणिका उघडा, मीटिंगवरचं प्रकरण घ्या, वीस मिनिटांत होतं. त्याचं म्हणणं असं की वन-ऑन-वन ही हाताखालच्या माणसाची बैठक आहे. विषय त्याने आणायचे, सूर त्याने लावायचा, आणि वेळ किमान एक तास, कारण अवघड गोष्ट माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बोलत नाही. किती दिवसांनी भेटायचं हे त्या माणसाला ते विशिष्ट काम किती जमतं यावर ठरतं. म्हणजे दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस पहिल्यांदा क्लाउड मायग्रेशन करत असेल तर त्या कामापुरता तो नवखाच, त्याला लवकर लवकर भेटायचं.

वाचून झालं की रेघा मारत बसू नका. रेघ मारली की समजल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते वाक्य फक्त ओळखीचं झालेलं असतं. पुस्तक मिटून आठवणीतून एक कार्ड लिहा, पाच ओळींचं. तुमच्या बाबतीत असं होईल:

प्रश्न: वन-ऑन-वनमध्ये समोरचा तिकिटांपलीकडे बोलत नाही.
दावा: बैठक त्याची, विषय त्याचे.
कुठे चालणार नाही: नुकता आलेला फ्रेशर. त्याला विषय सुचणारच नाहीत, त्याला प्रश्न मी द्यायचे.
बदल: बुधवारपासून फक्त तिघांबरोबर. आदल्या संध्याकाळी त्यांनी शेअर्ड डॉकमध्ये तीन विषय टाकायचे. तिकिटाची स्थिती हा विषय बाद.
तपासणी: चौथ्या बैठकीनंतर.

तिसरी ओळ टाळू नका. हमखास गाळली जाते ती हीच. लेखकाचा सल्ला कुठे लागू पडत नाही हे लिहिता येत नसेल तर तो अजून कळलेला नाही, पुन्हा वाचा.

आणि त्या तिघांना सरळ सांगा की हा चार आठवड्यांचा प्रयोग आहे, जमला नाही तर बंद करू. न सांगता केलेला बदल लोकांना संशयास्पद वाटतो. मॅनेजर अचानक तासभर वेळ देऊन "तुझे विषय काय?" विचारायला लागला तर पहिला तर्क 'ले-ऑफ आलाय' हाच असतो.

काम सोपवण्याबद्दलही ग्रोव्हकडेच या. सोपवून पाठपुरावा न करणं म्हणजे जबाबदारी सोडून देणं, असं तो स्वच्छ म्हणतो. पण त्याहून कामाची त्याची गोष्ट म्हणजे नाश्त्याच्या हॉटेलचं उदाहरण. नासकं अंडं गिऱ्हाइकाच्या ताटात गेल्यावर सापडण्यापेक्षा पुरवठादाराकडून येतानाच सापडलेलं बरं, कारण त्यावर अजून काही खर्च झालेला नसतो. आता तुमचा शेवटचा आठवडा आठवा. तुम्ही अंडं ताटात तपासता.

तीन आठवड्यांचं काम दिलंत तर दुसऱ्या दिवशी एक पानाचं डिझाइन मागा: काय बदलणार, काय मुद्दाम बदलणार नाही, सगळ्यात भीती कशाची. पाचव्या दिवशी एकच रिक्वेस्ट आरपार जाताना दाखवायला सांगा, एरर हँडलिंग नसलं तरी चालेल. दहाव्या दिवशी टेस्टरच्या हातात पहिला बिल्ड, म्हणजे चालवून बघता येईल अशी आवृत्ती. या तीन थांब्यांच्या तारखा काम देतानाच कॅलेंडरवर टाका. त्या आधी ठरलेल्या असल्या तर तो पाठपुरावा, मधेच येऊन डोकावलात तर ती पाळत. थांब्यावर प्रश्न विचारा, कीबोर्डला हात लावू नका. एकदा त्याच्या ब्रँचवर (त्याच्या कोडच्या प्रतीत) तुमचा कमिट (बदल) पडला की ते काम तुमचं झालं.

---

मुळा_मुठा

"दोन रिसोर्स देतो" यासाठी ब्रुक्सचं 'द मिथिकल मॅन-मंथ' लागेल. १९७५ चं, आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनुभवावरचं. उशिरा धावणाऱ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पाठ असणं हाच घोटाळा आहे. ते वाक्य कॉलवर फेकलंत तर वरच्याला वाटतं हा पुस्तकी बोलतोय, आणि त्याचं चुकत नाही, कारण ब्रुक्सनेच त्या नियमाला भरमसाट सुलभीकरण म्हटलंय.

वाक्यामागचं गणित घ्या. नऊ माणसांत आपापसातल्या जोड्या ३६ होतात, अकरात ५५. दोन माणसं वाढली, म्हणजे बावीस-तेवीस टक्के, पण बोलण्याच्या वाटा निम्म्याहून जास्त वाढल्या. सगळेच सगळ्यांशी बोलत नाहीत हे मान्य, तरी वाढ कुठल्या चालीने होते ते कळतं.

मग आपल्या टीमचे आकडे घालून एक पान तयार करा. समजा डेडलाइन सहा आठवड्यांवर आहे. नवीन दोघांना कोडबेस, व्हीपीएन, ॲक्सेस, डोमेन यात चार आठवडे जातात. या काळात प्रत्येकामागे जुन्या लोकांचे आठवड्याला आठ तास जातात. दोघांचे मिळून सोळा, चार आठवड्यांचे चौसष्ट. उरलेल्या दोन आठवड्यांत नवीन लोक निम्म्या वेगाने काम करतील असं धरलं तर दोघांचे मिळून ८० तास पदरात पडतात. वजा चौसष्ट. हाती उरले सोळा तास, म्हणजे एका माणसाचे दोन दिवस. आणि नवख्यांच्या चुका निस्तरायचा वेळ यात अजून धरलेलाच नाही.

हे आकडे मानलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. ॲक्सेस मिळायला किती दिवस लागतात ते मागच्या तीन जॉइनिंगच्या तिकिटांवरून काढा, अंदाजाने लिहू नका. पानाच्या खालच्या भागात दोन पर्याय ठेवा: कुठली दोन फीचर्स पुढच्या रिलीजला गेली तर तारीख टिकते, आणि नवीन माणसं घ्यायचीच असतील तर कुठल्या तुटक कामावर घ्यायची, जसं रिग्रेशन टेस्टिंग (जुनं काही मोडलं नाही ना ते तपासणं), डेटा साफ करणं, रिलीज नोट्स. वरच्या माणसाला 'नाही' ऐकायला आवडत नाही, पण दोन्हीतून निवडायला आवडतं.

त्याच पुस्तकातला वेळेच्या वाटपाचा ठोकताळाही एकदा आपल्या प्लॅनला लावून बघा. एक तृतीयांश नियोजन, एक षष्ठांश कोडिंग, एक चतुर्थांश सुट्या भागांचं टेस्टिंग, उरलेला चतुर्थांश सगळं जोडून टेस्टिंग. आजच्या ऑटोमेशनमुळे प्रमाण बदललंय, पण सगळं जोडून तपासण्याचा वेळ आपण आजही असाच गिळतो.

घ्यायचं तर १९९५ ची वाढीव आवृत्ती घ्या आणि वीस वर्षांनंतरचा आढावा घेणारं प्रकरण आधी वाचा. प्रत्येक मॉड्यूलची (सुट्या भागाची) आतली माहिती बाकीच्यांपासून लपवण्याच्या बाबतीत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास बरोबर होता आणि मी चुकलो, असं ब्रुक्सने त्यात छापून कबूल केलंय. मॅनेजरने आपला जुना निर्णय कसा मागे घ्यावा याचा इतका स्वच्छ नमुना मिळणं कठीण.

---

रात्रपाळी

पुस्तकांवर बोलणं झालं, पण टेक मॅनेजरसाठी सगळ्यात पौष्टिक वाचन फुकट पडलेलं आहे आणि कुणी त्याकडे वाचन म्हणून बघत नाही. मोठ्या बिघाडांचे प्रसिद्ध झालेले अहवाल. पुस्तकात लेखकाने निष्कर्ष घोटून दिलेला असतो, इथे कच्चा माल मिळतो.

गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा ३१ जानेवारी २०१७ चा घ्या. रात्रीच्या गडबडीत इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. सुमारे ३०० जीबीतले साडेचारच उरले. इथवर वाचून बहुतेक जण "ह्यूमन एरर" म्हणून पान मिटतात. खरा मजकूर पुढे आहे. रोजचा बॅकअप आहे असं सगळे समजत होते, पण बॅकअप घेणारं टूल पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि चालू डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याचे मेल निघत होते, पण डीमार्क तपासणीत (मेल खऱ्या पाठवणाऱ्याकडून आलाय का ते बघणाऱ्या) ते नाकारले जात होते. शेवटी सहा तास आधी योगायोगाने हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) कामी आला. तरी सुमारे पाच हजार प्रोजेक्ट, पाच हजार कॉमेंट आणि सातशे नवीन युजर गेले. बॅकअप परत आणून बघण्याची जबाबदारी नावानिशी कुणाकडेच नव्हती, हे त्यांनी स्वतः लिहिलंय.

त्याच्या शेजारी नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर दलाल कंपनीचं प्रकरण ठेवा, १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड चढवायचा राहिला, तिथे पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि साधारण पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. अमेरिकेच्या बाजार नियामकाचा २०१३ चा आदेश वाचा. बाजार उघडण्याआधी त्यांच्या सिस्टिमने लोकांना ९७ मेल पाठवले होते, त्यात त्या जुन्या फंक्शनचं नाव घेऊन त्रुटी सांगितली होती. ते मेल अलर्ट म्हणून बनवलेले नव्हते आणि कुणी ते बघत नव्हतं.

एकीकडे मेल पोचलाच नाही, दुसरीकडे ९७ पोचले आणि कुणी उघडले नाहीत. यात तंत्रज्ञान थोडं आणि मॅनेजरचं काम जास्त आहे. तुमच्या टीमचे ऑटोमेटेड मेल कुणाच्या इनबॉक्समध्ये जातात आणि त्यातल्या किती जणांनी फिल्टर लावून ते फोल्डरमध्ये ढकललेत, एवढं उद्या विचारून बघा.

वाचायची पद्धत अशी. एका बैठकीत एक अहवाल, ४५ मिनिटं. घटनाक्रम संपतो तिथे थांबा, कारणांचा भाग झाकून ठेवा. कोऱ्या कागदावर पाच प्रश्न लिहा, जे तुम्ही त्या टीमचे मॅनेजर असतात तर त्या घटनेच्या महिनाभर आधी विचारायला हवे होते. मग पुढचं वाचा. सुरुवातीला पाचही प्रश्न "कुणी केलं?" या जातीचे निघतात. आठ-दहा अहवालांनंतर "हे कुणाकडे सोपवलं होतं?", "बिघडलं हे आपल्याला कशावरून कळलं असतं?" असे यायला लागतात. प्रश्नांची जात बदलली की वाचन अंगी लागतंय असं समजा. सगळे कागद तारीख घालून एका फाइलीत लावा, नाहीतर हा बदल दिसणारच नाही.

---

तिरकस_कारकून

वरचं सगळं मान्य, फक्त एक खडा. ही पुस्तकं ज्या ऑफिसांत लिहिली गेली तिथे मॅनेजर माणूस निवडतो, पगार ठरवतो आणि दोन आठवड्यांच्या नोटिशीवर माणूस जातो किंवा येतो. आपल्याकडे सर्व्हिस कंपनीत ६० ते ९० दिवसांचा नोटिस पीरियड, क्लायंटचं बिलिंग, बेंच (प्रोजेक्टविना बसून असलेली माणसं), आणि रेटिंगची टक्केवारी वरून ठरून आलेली. "चुकीचा माणूस लवकर बदला" हा सल्ला इथे जसाच्या तसा लावलात तर खुर्ची तीन महिने रिकामी आणि क्लायंटचा मेल वेगळा.

म्हणून पुस्तकाआधी तीन कागद वाचा. क्लायंटशी झालेलं एसओडब्ल्यू (कामाच्या व्याप्तीचा करार), अप्रेझलची पॉलिसी, आणि एस्कलेशन मॅट्रिक्स (अडलं तर वर कुणाकडे जायचं त्याचा तक्ता). एसओडब्ल्यूमध्ये 'स्वीकारार्ह काम' म्हणजे काय, बदलाची विनंती आली तर किती दिवसांत उत्तर द्यायचं, उशिराला दंड आहे का, हे पेनने अधोरेखित करा. इथे रेघा चालतील. स्कोपवरचे निम्मे वाद आपण काय कबूल केलंय हे न वाचल्यामुळे होतात. अप्रेझलमध्ये पुरावा कुठल्या महिन्यापर्यंतचा धरतात हे माहीत नसताना फीडबॅकवरचं पुस्तक वाचून काय उपयोग? तुम्ही मार्चमध्ये मन लावून दिलेला फीडबॅक डिसेंबरमध्येच बंद झालेल्या फॉर्मला लागू होत नाही.

आणि जरा आडवाटेचं सुचवतो. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दलचा मजकूर काढून वाचा. आंब्या-फणसाचं लाकूडही उपयोगाचं आहे, तरी हात लावू देऊ नये असा हुकूम. लगेच कारण: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. लगेच अपवादही: झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. हुकूम, कारण, अपवाद. आता तुमच्या टीमच्या विकीवरचा "शुक्रवारी डिप्लॉयमेंट नाही" हा नियम बघा. कारण लिहिलंय? अपवादाला परवानगी कुणाची ते लिहिलंय? नसेल तर पहिल्या अर्जंट बगला तो नियम मोडणार आणि मग कायमचा मोडणार.

---

जुनाट_कोड

@तिरकस_कारकून, नोटिस पीरियडचा मुद्दा अगदी बरोबर. कार्डावरची तिसरी ओळ त्याचसाठी आहे.

टीमबरोबर वाचण्याबद्दल राहिलं होतं. जरूर वाचा, पण पुस्तक नेमू नका, प्रकरण नेमा. आठ ते बारा पानं, पंधरा दिवसांतून एकदा, ४५ मिनिटं, कामाच्या वेळेत. जेवणाच्या सुट्टीत ठेवलंत तर ती शिक्षा होते. यायची सक्ती नको, हजेरी तर मुळीच नको. पहिली दहा मिनिटं तिथेच शांतपणे वाचायला द्या, म्हणजे घरून न वाचता आलेला माणूस मूग गिळून बसत नाही.

सुरुवातीला गूगलचं २०१६ चं साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगचं पुस्तक बरं पडतं. ते नेटवर फुकट वाचता येतं आणि प्रकरणं सुटी सुटी आहेत. दोष न देता पोस्टमॉर्टेम (बिघाडानंतरची चिकित्सा) लिहिण्याचं प्रकरण पहिल्यांदा घ्या, एरर बजेटचं दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी आकडेमोड तिथेच फळ्यावर करा: ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद बंद राहायची मुभा. मग विचारा, मागच्या महिन्यात आपण किती वापरली? बहुधा कुणालाच सांगता येत नाही, आणि चर्चा आपोआप आपल्या मॉनिटरिंगवर येते. ती तिथेच चालू द्या, पुस्तकाकडे परत ओढू नका.

तुम्ही शेवटी बोला. मॅनेजर पहिला बोलला की बाकीचे सगळे माना डोलावतात. आणि टीममध्ये एक जरी मराठी न कळणारा असला तर मराठीत रंगात येऊ नका. पुण्यात हे फार होतं, आणि तो माणूस तिसऱ्या वेळी येत नाही.

---

हिंजवडी_फेज३

आभारी आहे, हे सगळं हाताळता येण्यासारखं आहे. दोन शंका. कार्ड फोनवर की कागदावर? आणि चार बैठकांनंतर 'तपासणी' म्हणजे नेमकं काय तपासू? "बरं वाटतंय" याला काही अर्थ नाही.

---

मुळा_मुठा

कागदावर, लॅपटॉपच्या कव्हरमध्ये मावेल असं. फोनमधली नोट आपण लिहितो आणि विसरतो, कागद बैठकीला जाताना डोळ्यासमोर येतो. कॅबमध्ये वाचा, पण कार्ड उतरल्यावर लिहा. हादऱ्यांत लिहिलेलं नंतर स्वतःलाच लागत नाही.

मोजायचं साधं आहे. शेअर्ड डॉकमध्ये प्रत्येक विषयापुढे कुणी आणला त्याचं आद्याक्षर असू द्या. चौथ्या बैठकीनंतर मोजा: त्याने आणलेले किती, तुम्ही आणलेले किती, आणि तुम्हाला आधी अजिबात माहीत नव्हती अशी गोष्ट किती वेळा निघाली. तिसरा आकडा चारही बैठकांत शून्य असेल तर फक्त डॉक भरलं जातंय. अशा वेळी डॉक आणखी सुधारत बसू नका. त्या माणसाने मागे कधी अडचण सांगितली होती तेव्हा तिचं पुढे काय झालं, ते आधी शोधा.